पिल्लू ठेवा, पण त्याचं काम त्यांच्याकडे द्या

ताई,
आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. गेल्या मे महिन्यात आंबे काढताना फांदी मोडली आणि हे खाली आले. मणक्याला मार, डी-१२ म्हणजे छातीमागच्या मणक्यांतला शेवटचा. मुंबईत ऑपरेशन झालं, पण कमरेखाली ना हालचाल ना जाणीव. ह्यांचं वय ४३. मुलगा दहा वर्षांचा, तो तेव्हा झाडाखाली आंबे गोळा करत होता. सगळं त्याच्यासमोर झालं. तेव्हापासून तो ह्यांच्या खोलीत जात नव्हता. मुलगी यंदा दहावीला. घरी सासूबाई आहेत. बाग करारावर दिली आहे.

हे खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एवढंच. खोलीबाहेर येत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. दिवाळीत एकदा म्हणाले, तेव्हाच गेलो असतो तर तुम्ही सगळे सुटला असता.

तीन आठवड्यांपूर्वी मुलाने लाकडांच्या खोपीत व्यायलेल्या कुत्रीचं एक पिल्लू आणून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. हे हसले. रंगावरून तिचं नाव ‘खारी’ ठेवलं. आता दिवसभर तिच्याशी बोलत असतात. सासूबाई म्हणतात, घरात एवढं दुखणं, त्यात कुत्रं, आणि तीही कुत्री. पुण्याची नणंद म्हणते, गावठी नको, शिकवलेला लॅब्राडोर आणून देते. मुलीने मोबाइलवर ऑस्ट्रेलियातल्या एका बाईची आणि तिच्या पक्ष्याची हकीकत दाखवली, ती ऐकून शेजारचे काका पोपटाचं पिल्लू आणून देतो म्हणतात. डॉक्टर म्हणाले, जखमा सांभाळा.

आणखी एक लिहायला लाज वाटते. रात्री उठून उठून मी ह्यांना कुशीवर वळवते, नळी घालण्यापासून सगळं मी करते. माझ्याशी दोन शब्द नाहीत आणि पिल्लाशी तासन्‌तास. मला त्या पिल्लाचा राग येतो. ठेवू की नको?
सुरेखा (नाव बदललं आहे)

सुरेखाताई,

पिल्लू ठेवा. पुढे बरंच लिहिणार आहे, पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. आई अजून खोपीत असेल तर रात्री काही दिवस खारीला तिच्याजवळच झोपू द्या. दोन महिन्यांची होईपर्यंत आईचं दूध आणि भावंडांची संगत मिळाली तर पिल्लू सहसा चावरं होत नाही, आणि तुमच्या घरात ते चावरं नसणं फार गरजेचं आहे. का, ते पुढे सांगते.

त्याआधी दिवाळीतलं ते वाक्य. तुम्ही ते पत्राच्या मध्येच लिहून पुढे गेलात, मला तसं पुढे जाता येत नाही. मणक्याच्या दुखापतीनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत माणूस खचतो. ‘तेव्हाच गेलो असतो तर’ असं म्हणणाऱ्या माणसाला विचारावं लागतं, ‘तसे विचार अजून येतात का?’ विचारल्याने विचार बळावत नाहीत. उलट कुणीतरी ते ऐकायला तयार आहे हे त्याला कळतं. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करा, मग त्यांना जोडून द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथेही दाखवा. आणि आजच्या आज एक काम करा. बागेच्या फवारणीची औषधं घरात, पडवीत, माळ्यावर जिथे कुठे असतील तिथून हलवा. बाग करारावर दिली आहे, तर ती करारदाराच्या ताब्यात जाऊ द्या. कारण विचारलंच तर पिल्लू तोंड लावेल म्हणून सांगा. तेही खरंच आहे.

हे अशासाठी सांगितलं की खारीच्या येण्याने घरात जे हलकं वाटतंय त्यावर सगळा भार टाकू नका. कुत्र्याच्या सहवासाने बरं वाटतं, यात शंका नाही. माणूस आणि त्याचा कुत्रा एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या जवळिकीत जे संप्रेरक काम करतं, तेच हे. पण नैराश्याचं औषध म्हणून कुत्र्यावर विसंबायचं नसतं. खारी असेल आणि डॉक्टरही असतील.

आता तुमच्या रागाचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि हा राग पिल्लाचा नाहीच. झाडावरून ते पडले तेव्हा तुमचाही संसार पडला. त्यांची विचारपूस करायला गाव येऊन गेला असेल. तुम्हाला ‘तू कशी आहेस’ असं किती जणांनी विचारलं? दहा महिने झोप मोडून तुम्ही एका माणसाला सांभाळता, आणि तो माणूस पहिल्यांदा हसतो ते कुणा दुसऱ्याकडे बघून. कुणालाही लागेल.

पण ते पिल्लाशी का बोलतात, याचा माझ्या मनातला अर्थ सांगते. अशी बरीच घरं मी जवळून पाहिली आहेत. खारीने तुमच्या यजमानांना चालताना पाहिलेलं नाही. आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडाच्या शेंड्याला जाणारा माणूस तिला माहीतच नाही. तिला भेटला तो खुर्चीत बसलेला माणूस, आणि तिच्या लेखी तो पुरा आहे. तुमच्याकडे बघताना त्यांना काय दिसत असेल? रात्री उठलेली बायको, सुजलेले डोळे, आपल्यामुळे अडलेलं सगळं. मुलांकडे बघताना फी दिसते. आईकडे बघताना, आपण तिला सांभाळायचं ते राहूनच गेलं, हे दिसतं. घरातल्या प्रत्येकाकडे बघताना ते स्वतःला देणेकरी समजत असणार. पिल्लाचं ते काहीच देणं लागत नाहीत. शिवाय पिल्लू ‘आज बरं वाटतंय का’ हे विचारत नाही. आजारी माणसाला दिवसातून दहादा याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं, आणि खरं उत्तर कुणाला ऐकायचं नसतं.

म्हणून ते खारीशी बोलत असतात तेव्हा उठून आत जाऊ नका. हातातलं काम घेऊन तिथेच बसा, तांदूळ निवडा, भाजी चिरा. बोलायचं झालं तर तिच्याबद्दलच बोला. आज चप्पल पळवली, कोंबडीच्या मागे लागली, असलंच काहीतरी. दुखापत, पैसे, डॉक्टर यातलं काही त्या अर्ध्या तासात नको. दहा महिन्यांत तुम्हा दोघांत दुखण्याखेरीज दुसरा विषयच उरलेला नाही. तसा दुसरा विषय त्या पिल्लाने आणून दिलाय, तर घ्या तो. बोलणं एकदा सुरू झालं की तुमचंही म्हणणं त्यांच्यापुढे ठेवा: ‘तिच्याशी बोलता तसं माझ्याशीही बोला, मला गरज आहे.’ हे सांगायचा तुमचा हक्क आहे. अपघात त्यांना झाला म्हणून तुम्ही गप्प राहायचं, असं नाही. त्यांचे हात आणि तोंड शाबूत आहेत. बायकोशी बोलणं हे त्यांना आजही जमणारं काम आहे.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य मुलाचं आहे. बापाला पडताना पाहिलेला पोरगा दहा महिने खोलीत गेला नाही, आणि गेला तो पिल्लू घेऊन. त्या पोराला रिकाम्या हाताने जाता येत नव्हतं, असं मला वाटतं. खाली उभा असलेल्या मुलाच्या मनात काय काय येतं! मी ओरडलो असतो तर, मी तो वरचा घोस दाखवला नसता तर. हे त्याने कुणाला सांगितलं नसेल. एखाद्या संध्याकाळी खारी मध्ये असताना यजमानांनी त्याला एवढंच सांगावं की फांदी मोडली, त्यात तुझा काही दोष नाही. हे बापाच्या तोंडूनच यायला हवं, तुम्ही सांगून भागणार नाही. तो रात्री दचकून उठत असेल, शाळेत लक्ष नसेल, तर त्यालाही समुपदेशकाकडे न्या. पोराने पिल्लू आणलं ते बापासाठी जेवढं, तेवढंच स्वतःसाठी. म्हणूनही ते ठेवा म्हणते. आता ते टाकून दिलंत तर तो पुन्हा कधी काही घेऊन त्या खोलीत जाईल, याची खात्री नाही.

काकांच्या पोपटाला मात्र नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि आपला हिरवा पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. ढोलीतून पिल्लू काढायचं म्हणजे जिवंत आईबापांपासून तोडायचं. कधी खरोखरच एखादं पिल्लू घरट्यातून पडलेलं सापडलं तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर विचारा. आणि जो माणूस स्वतः खोलीत अडकल्यासारखा आहे, त्याच्यासमोर पिंजरा टांगायची कल्पना मला तरी सहन होत नाही.

तुमच्या मुलीने दाखवलेली हकीकत खरी आहे, पण ती नीट समजून घ्या. सॅम ब्लूम या सिडनीजवळ राहणाऱ्या, समुद्रावर वाढलेल्या बाई. २०१३ साली सहलीला थायलंडमध्ये असताना गच्चीचा कठडा तुटला आणि त्या सहाएक मीटर खाली पडल्या. छातीखालचं शरीर गेलं. घरी तीन लहान मुलगे. पुढे मुलांना घरट्यातून पडलेलं मॅगपाय पक्ष्याचं पिल्लू सापडलं, काळंपांढरं, म्हणून नाव ठेवलं पेंग्विन. मुलं शाळेत, नवरा कामावर, घरी दिवसभर एकट्या सॅमच. म्हणून पिल्लाला भरवायचं, त्याच्याकडे बघायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. पक्षी पिंजऱ्यात नव्हता. घरात यायचा, बाहेर जायचा, आणि पुढे मोठा झाल्यावर आपल्या वाटेने निघून गेला. सॅम नंतर कायाक चालवायला लागल्या, अपंगांच्या सर्फिंगमध्ये त्यांनी जगज्जेतेपद मिळवलं. पण पक्ष्याने मला बरं केलं, आता सगळं छान आहे, असं त्या म्हणत नाहीत. खुर्चीतलं जगणं आवडत नाही, हे त्या आजही स्पष्ट बोलतात. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की ज्या बाईला सगळे सांभाळत होते, तिच्याकडे एक जीव सांभाळायला आला.

नणंदेला प्रेमाने सांगा की लॅब्राडोर नको. खुर्चीवरच्या माणसाला वस्तू उचलून देणारे, दार उघडणारे शिकवलेले कुत्रे परदेशात असतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. नुसतं ‘बस’ आणि ‘हात दे’ शिकवलेला लॅब्राडोर म्हणजे तीस किलोचा उत्साही गडी. तो मांडीवर झेपावला तर खुर्ची उलटेल. कोकणचा उकाडा, गोचिड्या, त्याचं खाणं, हे सगळं शेवटी तुमच्याच गळ्यात येईल. गावठी कुत्रं आपल्या हवेत काटक राहतं, भातमाशावर वाढतं, नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं जगतं. नणंदेला खर्च करायचाच असेल तर खुर्ची अंगणात नेता येईल अशा उताराचा करू दे. त्याबद्दल सांगतेच.

शीर्षकात लिहिलंय ते आता. खारीचं काम यजमानांकडे द्या. तुम्ही नका घेऊ. मुलीवर तर मुळीच टाकू नका. दहावीचं वर्ष आहे आणि ती आधीच अर्धं घर सांभाळत असणार. डी-१२ची दुखापत म्हणजे छाती, खांदे, हात धड आहेत. तिचं खाणं मळणं, भरवणं, अंग विंचरणं, गोचिडी काढणं, हाक मारल्यावर यायला शिकवणं, हे सगळं खुर्चीत बसून होतं. तिचं ताट जमिनीवर ठेवू नका, गुडघ्याएवढ्या उंचीच्या बाकड्यावर ठेवा, म्हणजे वाकताना त्यांचा तोल जाणार नाही. भातात कुस्करलेलं उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेला मासा चालेल. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. एखाद्या दिवशी ते विसरले आणि खारी भुकेली कुईकुई करत राहिली तर तुम्ही धावू नका. त्यांना ऐकू येऊ द्या. तुम्हाला हे कठोर वाटेल, पण दहा महिन्यांत या घरात त्यांच्यावाचून काहीही अडलेलं नाही, आणि ज्याच्यावाचून काहीच अडत नाही तो माणूस सकाळी कशासाठी उठेल?

हेच तुमच्या कामालाही लावा. लघवीची नळी दर चार-सहा तासांनी घालायची ना? त्यांचे हात चालतात, तर ते त्यांनी स्वतः शिकायला हवं. या दुखापतीचे बहुतेक पुरुष ते शिकतात. हे तुमच्या अंगावरून उतरलं की तुमच्या रागाचा निम्मा भाग तिथेच जाईल असं मला वाटतं. नळी घालण्याआधी साबणाने हात धुणं ही सक्ती, आणि पिल्लाला हात लावलेला असेल तर दुप्पट सक्ती.

डॉक्टरांनी ‘जखमा सांभाळा’ म्हटलं ते अगदी बरोबर आहे. मी पाहिलेले एक गृहस्थ खुर्चीत बसून आपल्या कुत्र्याशी संध्याकाळभर खेळले. दिवा लावताना घरच्यांना पायठेव्यावर रक्त दिसलं. कुत्र्याच्या नखाने घोट्यावर चांगली दोन बोटं लांब चीर गेली होती, आणि त्यांना काही कळलंच नव्हतं. जाणीव नसलेल्या पायावर ओरखडा उठला तर मेंदूपर्यंत निरोप जात नाही. रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरायला आठवडे लागतात, आणि ती चिघळली तर माणूस पुन्हा दवाखान्यात. पिल्लाचे दात तर सुईसारखे असतात, आणि दात येताना ते दिसेल ते चघळतं, पायाची बोटंसुद्धा.

म्हणून खारी जवळ असताना पायात जाड मोजे आणि बंद बूट, उन्हाळ्यातसुद्धा. मांडीवर जाड गोधडीची घडी. तिची नखं पंधरा दिवसांनी कापा, टोकं तेवढीच. लघवीची पिशवी लावत असाल तर नळी लोंबकळती नको, मांडीला पट्ट्याने बांधलेली हवी. लोंबणारी नळी दिसली की पिल्लू ती ओढणार म्हणजे ओढणार. खाटेवर तिला घेऊ नका. पिल्लू मुतलं आणि चादर ओली राहिली तर पाठीवर व्रण व्हायला तेवढं पुरतं. त्याऐवजी खाटेला लागून त्याच उंचीचं बाकडं ठेवा, त्यावर तिचं गोणपाट. त्यांचा हात तिच्यापर्यंत पोचेल, ती खाटेवर नसेल. बेडसोअर किंवा कुठलीही उघडी जखम असेल तर तिला चाटू देऊ नका. ‘कुत्र्याच्या जिभेने जखम बरी होते’ हे गावात सांगतात, ते खोटं आहे; कुत्र्याच्या तोंडातले जंतू अशा जखमेत शिरले तर जिवावर बेततं. रोज रात्री पाय, टाचा, घोटे, बोटांच्या बेचक्या तपासायच्या. हेही त्यांनी स्वतः करावं, लांब दांड्याचा आरसा मिळतो, नसेल तर मुलाने हातआरसा धरावा. त्याच वेळी पोटऱ्यांवर गोचिडी आहे का तेही दिसेल. एरवी ही तपासणी टाळली जाते. खारीमुळे ती रोज होणार असेल तर तेही चांगलंच.

तिची आई रानोमाळ फिरणारी कुत्री आहे, तिला लस कुठली असणार? पिल्लाला तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची लस, मग वर्षाला एकदा. त्याआधी दोन महिन्यांच्या आसपास इतर रोगांची एकत्रित लस मिळते, ती घेताना लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, त्यात आहे ना हे विचारून घ्या. तुमच्याकडे पावसाळ्यात शेतात लेप्टो नवा नाही, आणि तो कुत्र्याच्या मुतातूनही पसरतो. जंताचं औषध आत्ताच सुरू करा. लस होईपर्यंत, आणि झाल्यावरही, तिच्या दाताने किंवा नखाने कुणालाही रक्त निघालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. ‘आपलंच पिल्लू आहे’ म्हणून थांबायचं नाही. रेबीज एकदा उलटला की औषध नाही. घरच्या सगळ्यांना आधीच लस देऊन ठेवता येईल का, हेही तिथे विचारा. यजमानांना तर चावा कळणारही नाही, म्हणून त्यांच्याबाबतीत मी जास्त आग्रह धरते.

अंधार पडला की खारी आत. तुमच्या वाडीत बिबट्या येत नसेल असं मला वाटत नाही, आणि अंगणात झोपलेलं कुत्रं उचलणं ही त्याची नेहमीची रीत आहे. हे घर आणखी एक धक्का सहन करायच्या स्थितीत नाही. पडवीला दार किंवा जाळी नसेल तर आधी ती लावा.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांचाही एकुलता एक मुलगा असेल तो, आणि घरात आधीच एवढं असताना नव्या जिवाची त्यांना धास्ती वाटते. स्वयंपाकघर आणि देवघर खारीला बंद, हे त्यांना आधी कबूल करा आणि पाळा. कुत्री म्हणजे वर्षाकाठी पिल्लं, हा त्यांचा आक्षेप अगदी खरा आहे. सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्या. पशुवैद्यकांना आत्तापासून विचारून ठेवा. खोपीतल्या आईचीही जमली तर करा, नाहीतर पुढच्या वर्षी हाच प्रश्न पाचपट होऊन येईल. घरात कुत्रं म्हणजे अवलक्षण असं त्यांना वाटत असेल तर घरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवा, पायाशी चार उभे आहेत. वाद घालू नका. आणि त्यांना एकदा खोलीच्या दाराशी बसवून त्यांच्या मुलाचं, म्हणजे यजमानांचं, पिल्लाशी चाललेलं बोलणं ऐकू द्या. आई आहे, तिने त्याचा आवाज किती दिवसांत ऐकला नसेल.

आता उतार. तुम्ही लिहिलंय की ते खोलीबाहेर येत नाहीत. पण बाहेर यायला वाट आहे का? माजघरातून पडवीत येताना उंबरा, पडवीतून अंगणात पायऱ्या. खुर्चीवरचा माणूस ‘नको’ म्हणतो तेव्हा अनेकदा ‘चार माणसांनी उचलून नेणं नको’ असं त्याला म्हणायचं असतं. खारी मोठी होईल तशी अंगणात धावेल, आणि ती बाहेर गेली की तेही दाराशी येतील. तेव्हा वाट तयार असू द्या. जांभ्याचे चिरे रचून वर सिमेंटचा खरबरीत थर दिला की भागतं. चढ एकास बारा असावा, म्हणजे पडवी एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब. गवंडी ‘एवढा कशाला’ म्हणून तो निम्म्यात आटपेल, त्याला ऐकू नका. खड्या उतारावर त्यांना एकट्याने चढता येणार नाही आणि उतरताना खुर्ची सुटेल. पावसाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून थर गुळगुळीत करू नका. नणंदेचे पैसे इथे लागू देत. खुर्चीत जास्त वेळ बसायला लागले की दर पंधरा ते तीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, हे मात्र त्यांच्या अंगवळणी पडायला हवं.

आणि त्यांना एका माणसाची गरज आहे, जो स्वतः खुर्चीत आहे. तुम्ही, मी, खारी, कुणीही ती जागा भरू शकत नाही. कोल्हापूर तुम्हाला जवळ आहे. तरुणपणीच पायांतलं बळ गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली तिथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. फोन करून विचारा, तुमच्या भागातला कुणी खुर्चीवरचा माणूस त्यांच्याशी बोलेल का. नळी, संडास, गाडी चालवणं, बायकोशी जवळीक, हे प्रश्न पुरुष तुमच्यापाशी काढणार नाही, पण त्यातून गेलेल्या दुसऱ्या पुरुषापाशी काढेल.

आत्ताचे दिवस अवघड आहेत, याची तुम्हाला कल्पना असेलच. मोहोर सरला, कैरी धरली, थोड्या दिवसांनी करारदाराची माणसं बागेत शिड्या लावतील. आपल्या बागेत दुसऱ्याने झेला फिरवलेला त्यांना ऐकू येईल, आणि मुलालाही. त्या दिवसांत दोघांना घरात एकटं सोडू नका. करारदार ओळखीचा असेल तर पहिल्या दिवशी त्याला पडवीत बोलवा आणि कुठलं झाड आधी काढायचं, कुठल्या फांदीवर चढायचं नाही, हे यजमानांना विचारायला सांगा. त्या बागेतली प्रत्येक फांदी त्यांना माहीत आहे. ते काम खारी देऊ शकत नाही, करारदार देऊ शकतो.

खारीच्या लशीला मात्र मुलाला एकट्याला पाठवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून दिवस विचारा, रिक्षा सांगा, खुर्ची मागे बांधा आणि यजमानांना घेऊन जा. जाताना टोपलीत गोणपाट, पाण्याची बाटली, आणि त्यांच्या नळीचं सामान विसरू नका. ते नाही म्हणतील. डॉक्टर पिल्लाबद्दल दहा प्रश्न विचारतात, किती खाते, शी कशी होते, जंत पडले का, आणि या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नाहीत, यजमानांकडेच आहेत, असं त्यांना सांगा.